उंदीरमामांची श्रमप्रतिष्ठा

न्यू जर्सीहून ताईने फोटो पाठवला. पिझ्झ्याच्या हॉटेलात एक भलामोठा उंदीर पोरांना कवटाळतोय. खाली मजकूर: "ओळख पाहू!" आमचा भाचा! सुट्टीतली नोकरी.

हा प्रकार 'अटारी'वाल्या नोलन बुशनेल यांनी १९७७ साली कॅलिफोर्नियात सॅन होजेला सुरू केला. पिझ्झा भाजून होईपर्यंत पोरांनी खेळाच्या यंत्रांत पैसे टाकत बसायचं. ताटकळण्यावर उत्पन्न! आमच्या काउंटरवर लोक तास तास ताटकळतात; पण आम्हा बी. कॉम.वाल्यांना हे कधी सुचलं नाही.

असो. भाचा उंदीर झाला की आईबाप हौसेने फोटो काढतात. मुखवटा उतरवून तोच पोरांची ओकारी पुसायला लागला की त्याच्याकडे कुणी बघतसुद्धा नाही, म्हणे.

पण अमेरिकेशी मी कशाला भांडू? माझं भांडण आपल्याशी आहे. त्या फोटोवर साऱ्या नातेवाइकांनी "याला म्हणतात श्रमप्रतिष्ठा!" असे अभिप्राय दिले. पहिला माझाच. फरशी न्यू जर्सीत पुसली तर श्रमप्रतिष्ठा, सदाशिव पेठेत पुसली तर "शिकला नाही वाटतं?"

गेल्या मे महिन्यात आमचे कॉलेजातले चिरंजीव म्हणाले, "बाबा, कोपऱ्यावरच्या उडप्याकडे महिनाभर काम करू?"

मी ओरडलो, "अरे, आमची अख्खी ब्रँच तिथे चहाला येते!"

परवा त्याने भाच्याचा फोटो नीट निरखला.

"बाबा, असा एक मुखवटा मला आणून द्या ना. म्हणजे तुमच्या साहेबांना मी ओळखू येणार नाही."