फॉर्ममध्ये तो रकाना नाही



गेल्या उन्हाळ्यात गोदीतून आठ दिवसांची रजा काढून गावी गेलो. गाव मुळशी तालुक्यात, धरणाच्या पाण्याला लागून. दुपारी वस्तीत कॉलेजचा एक पोरगा फॉर्मांचा गठ्ठा घेऊन आला. आजीला विचारू लागला. जात कोणती, खाणारी तोंडं किती, संडास आहे का, दारू कोण पितं. आजीने सगळं सांगितलं. मग तिने विचारलं, "बाबा, तुझी जात कंची? तुझ्या घरात कोण पितं?" पोरगा हसला. म्हणाला, आजी, फॉर्ममध्ये तो रकाना नाही.

या नसलेल्या रकान्याबद्दलच मला बोलायचंय.

गोदीत टॅली क्लार्क गोणी मोजतो. गोणी क्लार्कला मोजत नाही. समाजशास्त्र नि मानवशास्त्र ही दोन शास्त्रं आपल्याशी अशीच वागत आली. आपण गोणी, ते क्लार्क.

तशी दोन्ही शास्त्रं कामाची. माणसं एकत्र कशी जगतात, कोण राबतं, कोण खातं, कोणाची पोरगी कोणाच्या घरात जाते नि कोणाच्या जात नाही, याचा हिशेब म्हणजे समाजशास्त्र. माणसाचं शरीर, नातीगोती, देव, चालीरीती त्याच्यात जाऊन राहून समजून घेणं म्हणजे मानवशास्त्र. पण युरोपने पहिलं शास्त्र मुख्यतः स्वतःसाठी ठेवलं, दुसरं गुलाम मुलखांसाठी. १९०१ च्या जनगणनेचा कमिशनर रिस्ले तर नाकं मोजत सुटला. नाक जितकं रुंद तितकी जात खालची, हा त्याचा सिद्धांत. च्यायला, आमची गुलामगिरी त्याने आमच्याच नाकात शोधली!

मुंबई विद्यापीठात १९१९ साली समाजशास्त्राचा विभाग निघाला. पहिले प्राध्यापक पॅट्रिक गेडिस, त्यांच्यानंतर मालवणचे गो. स. घुर्ये. माणूस प्रचंड अभ्यासू. पण १९४३ साली त्यांनीही आदिवासींना 'मागासलेले हिंदू' ठरवलं. लेबल बदललं. चिकटवणारा हात आदिवासीचा नव्हता.

आता आमच्या तालुक्यात या. गावठाणावर समाजशास्त्राचा प्रबंध होतो. कातकरवाडीवर मानवशास्त्राचा. आणि पुण्याच्या ज्या वाड्यांत आमच्या मावळातल्या जमिनींची गहाणखतं पडून होती, त्या वाड्यांवर? त्याला म्हणे 'संस्कृती' म्हणतात.

१६ एप्रिल १९२१. टाटांच्या धरणाविरुद्ध मुळशी सत्याग्रह सुरू झाला. मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी होती, म्हणून मावळ्यांच्या भाताच्या जमिनी बुडवायच्या होत्या. सेनापती बापट तुरुंगात गेले, बायामाणसांनी मार खाल्ला. लढा खरा होता. मी त्याची टिंगल करणार नाही. पण बुडणारी जमीन कोणाच्या नावावर होती? राजेंद्र व्होरा यांनी या लढ्यावर लिहिलेलं पुस्तक २००९ साली इंग्रजीत आलं. सावकार कोण, कुळं कोण, पुढारी कोण, हे त्यांनी तपासलं. मोबदल्याच्या वाटेत पुण्याचे सावकार उभे होते, हे त्यातून दिसतं.

मला पुढचा प्रश्न विचारायचाय. ज्याच्या नावावर जमीनच नव्हती त्याचं काय? गावाच्या शिवेचा साक्षीदार महार. शीवच पाण्याखाली गेली. बलुतं गेलं. आजी सासूकडून ऐकलेलं सांगते, "त्यांची शेतं गेली, आपलं तर मागून खायाचं गावबी गेलं." त्या मागून खाण्याचा मोबदला कोणत्या रकान्यात लिहायचा? आणि ती गुलामगिरी बुडाली म्हणून रडायचं की हसायचं? हा खरा समाजशास्त्राचा प्रश्न. तो आजीच्या तोंडात आहे, फॉर्मात नाही.

आपल्यातले काही दोस्त म्हणतात, ही शास्त्रं बामणांची, फेकून द्या. मी म्हणतो, थांबा.

९ मे १९१६. न्यूयॉर्क, कोलंबिया विद्यापीठ. गोल्डनवायझर यांचा मानवशास्त्राचा वर्ग. नुकतीच पंचविशी पूर्ण केलेला भीमराव आंबेडकर नावाचा विद्यार्थी भारतातल्या जातींवर निबंध वाचतो. रिस्ले, सेनार्त, नेसफील्ड, केतकर, एकेकाचं म्हणणं सोलून काढतो. सांगतो, जातीचं मर्म जातीतल्या जातीत लग्न लावण्याच्या बंधनात आहे. ते बंधन टिकवायला बाईला सती घातलं, विधवा करून कोंडलं, पोरवयात बोहल्यावर चढवलं. आणि दार आधी कोणी लावून घेतलं? ब्राह्मणांनी. बाकीच्यांनी नक्कल केली. ज्याला मोजायचं तोच उठून मोजू लागला!

१९४८ साली अस्पृश्यांवरच्या ग्रंथात बाबासाहेबांनी घुर्ये यांनी वापरलेली नाकांची मापंच हातात घेतली आणि दाखवलं की ब्राह्मण नि अस्पृश्य वंशाने वेगळे नाहीत. टेप त्यांची, निकाल आपला. टेप फेकून दिली असती तर?

घुर्ये यांचे विद्यार्थी श्रीनिवास. त्यांनी १९५२ साली 'संस्कृतीकरण' मांडलं. खालची जात वरच्यांच्या रीती उचलते नि शिडी चढते. चार वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ ला, नागपुरात लाखो माणसांनी शिडीच सोडली. हे त्या सिद्धांतात बसतं का? बसत नसेल तर सिद्धांत दुरुस्त करा, माणसं नव्हे.

मी मॅट्रिक. प्रबंध लिहिणार नाही, पाळी संपल्यावर वाचतो. पण तुमच्यातले बरेच कॉलेजात आहेत. समाजशास्त्र 'सोपा विषय' म्हणून घेऊ नका, हत्यार म्हणून घ्या. पदवी मिळाली की तुम्हीच फॉर्म घेऊन वस्तीत येऊ नका. आधी वर जा. वाड्यात जा, बंगल्यात जा, हिंजवडीच्या काचेच्या इमारतीत जा. तीही मुळशीच आहे. तिथे विचारा.

आणि आपल्या वस्तीत फॉर्म आला तर हाकलू नका. भरा. मग उलटा करा आणि मागच्या कोऱ्या बाजूला लिहा: तुमची जात कोणती? जमीन किती, कोणाकडून आली? घरात भांडी कोण घासतं, तिचा कप वेगळा का? पोरीचं लग्न कोणाशी लावणार?

सही घेतल्याशिवाय पोराला सोडू नका.