इंजिन थरथरते म्हणून लगेच खोलू नका

मोटारसायकल दुरुस्तीच्या धंद्यावर आज अनेक घरांची चूल पेटते. एस.टी. स्टँडच्या मागे एखादी टपरी, हवा भरण्याचा पंप आणि पान्यांचा डबा एवढ्या भांडवलावर उभी राहिलेली गॅरेजेस पुढे दोन-तीन पोरांना हाताखाली घेऊन शिकवतात, कामाला लावतात. याच धंद्याला लागून जुन्या गाड्यांची खरेदी-विक्री चालते. या दोन्ही ठिकाणी एक तक्रार हमखास येते, ती म्हणजे “गाडी फार थरथरते.” आणि तिला ठरलेले एक उत्तर दिले जाते, “इंजिनचे काम निघाले, खोलावे लागेल.” हे घाईचे उत्तर गिऱ्हाईकाचे जेवढे नुकसान करते, त्याहून जास्त नुकसान आपल्या मिस्त्री बांधवांच्या पतीचे करते, असे आमचे स्पष्ट मत आहे.

मुळात एका सिलिंडरची गाडी थोडीफार थरथरणारच. इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल तर पिस्टन सेकंदाला पन्नास वेळा वर आणि पन्नास वेळा खाली जातो, म्हणजे सेकंदाला शंभर वेळा थांबून उलट फिरतो. हा धक्का सावरण्यासाठी क्रँकवर उलट बाजूला वजन दिलेले असते. परंतु पिस्टनचा सगळा धक्का त्या वजनाने मारायचा ठरवला, तर वर-खाली होणारी थरथर पुढे-मागे होऊ लागते. म्हणून कंपन्या साधारण निम्म्याच्या आसपास तोल साधतात आणि बाकीची थरथर तशीच राहू देतात. ती काढायची असेल तर वेगळा बॅलन्सर शाफ्ट घालावा लागतो.

तेव्हा पहिला प्रश्न हा, की ही गाडी मुळात किती थरथरते? रॉयल एनफिल्डच्या क्लासिक ३५० चे उदाहरण घ्या. २०२१ साली आलेल्या नव्या इंजिनात बॅलन्सर शाफ्ट आहे, त्याआधीच्या क्लासिकमध्ये तो नाही. नाव एकच, पण हँडलवर हात ठेवला की फरक कळतो. नवी गाडी चालवून आलेला माणूस जुनी विकत घेतो आणि ‘बिघडलेली मिळाली’ म्हणून भांडायला येतो. अशा वेळी त्याच मॉडेलची दुसरी चांगली गाडी त्याला चालवायला द्यावी. निम्म्या तक्रारी तिथेच शांत होतील.

दुसरा प्रश्न, थरथर कधीपासून सुरू झाली? गाडी पडल्यानंतर, चेन-स्प्रॉकेट बदलल्यानंतर, टायर बदलल्यानंतर की कुणीतरी इंजिन खोलल्यानंतर? जुन्या गाडीत हा इतिहास म्हणजे अर्धे निदान होय. डॉक्टर नाडी धरण्याआधी विचारपूस करतो, मग मिस्त्रीने पाना उचलण्याआधी ती का करू नये?

यानंतर दोष इंजिनकडचा की चाकाकडचा, हे ठरवावे. त्यासाठी यंत्र लागत नाही. गाडी मेन स्टँडवर न्यूट्रलमध्ये ठेवून हळूहळू ॲक्सिलरेटर द्यावा. उभ्या गाडीतच थरथर आली तर ती इंजिनची किंवा इंजिनच्या बांधणीची. उभी असताना येत नसेल, तर रिकाम्या व सरळ रस्त्यावर ज्या वेगाला थरथर येते त्या वेगाला क्लच दाबून ॲक्सिलरेटर सोडावा. इंजिन शांत झाल्यावरही थरथर राहिली तर रिम, टायर, स्पोक, चाकाचे बेअरिंग पाहावे. चेनही पाहावी. मागचे चाक हाताने फिरवल्यावर चेन एका जागी ताणलेली आणि दुसऱ्या जागी सैल दिसली तर ती सारखी ताणली गेलेली नाही, असे समजावे. आणखी एक खूण आहे. तिसऱ्या आणि चौथ्या गिअरमध्ये गाडी चालवून पाहावी. ठरावीक वेगालाच थरथर येत असेल तर चाकाचा संशय घ्यावा. वेग वेगळा असूनही इंजिनच्या ठरावीक आवाजालाच येत असेल तर इंजिनचा.

आता दोष इंजिनकडचा ठरला, तरी पाना लगेच हेड बोल्टला लावू नये. आधी फाऊंडेशन बोल्ट पाहावेत. जुन्या गाडीत एखादा बोल्ट सैल, एखादा तुटलेला, एखाद्याच्या जागी बारीक मापाचा बोल्ट ठोकलेला, तर कुठे भोकच लांबट झालेले सापडते. बोल्ट आवळतानाही एकच बोल्ट ओढून आवळू नये. सगळे ढिले करून इंजिन आपल्या जागी बसू द्यावे, मग कंपनीने सांगितलेल्या मापाने टॉर्क पान्याने आवळावेत. काही गाड्यांत इंजिन हाच चौकटीचा एक भाग असतो. तिथे या बोल्टांचे महत्त्व दुप्पट आहे. जवळच चौकटीला तडा किंवा वेल्डिंगवर नव्या रंगाचा हात दिसला तर गाडी रस्त्यावर सोडू नये, कारण तिथे प्रश्न जिवाचा असतो. सायलेन्सरचा क्लँप आणि हँडलच्या टोकाची वजने हीदेखील पाहावीत. ही वजने शोभेची नसतात. ती निघाली की हाताला मुंग्या येऊ लागतात.

मग पाळी येते इंजिनच्या चालीची. थरथर एकसारखी असून इंजिनच्या फेऱ्यांबरोबर वाढते, की मध्येच झटके बसतात? झटके असतील तर ते बहुधा मिसिंग असते. प्लग, कार्बोरेटर किंवा इंजेक्टर, एअर फिल्टर, इनटेकच्या रबरातून ओढली जाणारी हवा आणि टॅपेटचे अंतर तपासावे. आयडलिंग फार खाली असले तरी गाडी उभ्या जागी हलते, आणि ते काम काही मिनिटांचे आहे.

एवढे सगळे करूनही थरथर राहिली, तरच आतला संशय घ्यावा. ऑइल काढून त्यात धातूची चमक आहे का पाहावे. मॅग्नेटचा नट सैल किंवा चावी तुटलेली आहे का पाहावे. इंजिन आधी कुणी खोलले असेल तर टायमिंग चेन नीट बसवली आहे का पाहावे, आणि बॅलन्सर असलेल्या इंजिनात गिअरच्या खुणा जुळल्या आहेत का हेही पाहावे. एका दाताचा फरक पडला तरी थरथर कमी करण्यासाठी बसवलेला शाफ्टच ती वाढवतो. बोअर करून बसवलेला पिस्टन मूळ पिस्टनपेक्षा जड असला तरी तोल बिघडतो. शेवटी कनेक्टिंग रॉड. तो बाजूला थोडा हलणे ठीक आहे, पण वर-खाली खेळत असेल तर क्रँकचे काम टळत नाही. अशा वेळी इंजिन खोलणे हे कर्तव्यच आहे. आमचा विरोध खोलण्याला नाही, न तपासता खोलण्याला आहे.

यावर मिस्त्री बांधव म्हणतील, “हे आम्हाला ठाऊक आहे, पण नुसते तपासण्याचे पैसे देतो कोण?” हा आक्षेप खरा आहे आणि दुखण्याचे मूळही तिथेच आहे. गिऱ्हाईक पार्टचे पैसे देते, मजुरीचे देते, पण अर्धा तास खर्चून जे डोके चालवले त्याचे मोल देत नाही. ‘बघायचे कसले पैसे?’ असे म्हणणारे गिऱ्हाईकच मिस्त्रीला इंजिन खोलायला भाग पाडते आणि शेवटी दसपट भुर्दंड भरते. यावर उपाय एकच आहे. तपासणीचा दर गॅरेजमध्ये पाटीवर उघडपणे लावा. काम आपल्याकडेच झाले तर ती रक्कम बिलातून वजा करा. काय तपासले, काय सापडले हे वहीत किलोमीटरसह लिहा आणि काढलेला जुना पार्ट गिऱ्हाईकाच्या हातात द्या. शेजारचा फुकट बघतो म्हणून पहिले काही महिने जड जातील. पण एक दिवसाचे काम, नवे गॅस्केट, नवे ऑइल एवढे होऊनही थरथर तशीच राहिली, तर ते गिऱ्हाईक पैसेही अडवते आणि दहा जणांना सांगतही फिरते. हा तोटा कोणत्या वहीत मांडणार?

जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यांनाही दोन शब्द सांगायचे आहेत. जाड ऑइल घालून खडखड दाबायची, आयडलिंग चढवून थरथर लपवायची आणि गाडी खपवायची, याला काही जण हुशारी समजतात. ऐब सांगून चार पैसे कमी घेतलेला व्यवहार तिथेच संपतो. लपवलेला ऐब मात्र पंधरा दिवसांत दुकानात परत येतो. २० जुलै २०२० पासून अमलात आलेल्या ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये दुरुस्ती केलेला किंवा जुना माल नवा म्हणून विकणे आणि बिल न देणे या दोन्ही गोष्टी अनुचित व्यापारी प्रथेत धरल्या आहेत. स्वतःच्या पोटापाण्यासाठी गाडी वापरणारा दूधवाला, फेरीवाला किंवा पार्सल पोहोचवणारा मुलगाही या कायद्याने ग्राहकच ठरतो. जुने पार्ट घासून नवे म्हणून विकणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

पाने बाजारात सगळ्यांनाच मिळतात. अचूक निदान मात्र विकत मिळत नाही, ते सवयीने येते. आपल्या गॅरेजमध्ये शिकणाऱ्या पोराला इंजिन कसे खोलायचे हे जरूर शिकवा. पण कोणते इंजिन खोलायचे नाही, हे त्याआधी शिकवा. त्याच्या हातात पुढे तीस वर्षे धंदा राहायचा असेल, तर तो याच शिकवणीवर राहील.