मुंबई ते जेद्दा: अंतर तेवढंच, भाडं का वेगळं?

मुंबई ते जेद्दा हवाई अंतर साधारण 3,500 किलोमीटर आहे. थेट विमानाला साडेपाच तासांच्या आसपास लागतात. सौदीची वेळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे, त्यामुळे सकाळी 8 ला निघालेला हाजी तिथल्या घड्याळात 11 लाच उतरतो. 1995 पर्यंत मुंबईहून हजची जहाजं जायची. तो कित्येक दिवसांचा प्रवास आता तासांवर आलाय.

पण खर्चाचं काय? औरंगाबाद मुंबईपासून विमानाने जेमतेम पाऊण तास. तरीही 2023 च्या हजला औरंगाबादहून जाणाऱ्यांना मुंबईपेक्षा माणशी 80 हजारांहून जास्त मोजावे लागले. 2024 मध्ये केरळात कोझिकोडचं भाडंही जवळच्या कन्नूरपेक्षा बरंच जास्त निघालं, कारण तिथल्या धावपट्टीवर मोठी विमानं उतरत नाहीत.

म्हणजे भाडं किलोमीटरवर ठरत नाही. प्रवासी किती आणि विमान केवढं, यावर दर ठरतो. शिवाय हाजींना सोडून विमान रिकामं परततं, तो खर्चही तिकिटात धरलेला असतो. 2018 मध्ये सबसिडी बंद झाली, त्यामुळे सगळा भार घरावरच.

म्हणून फॉर्म भरताना मागच्या वर्षीचे दर बघा, मुंबईपर्यंतचा प्रवासखर्च मिळवा आणि मगच केंद्र निवडा. नवरा-बायको दोघं असतील तर 2023 च्या दरांनी फरक दीड लाखावर जात होता. मात्र सगळेच मुंबईकडे वळले, तर मराठवाड्यातल्या म्हाताऱ्या हाजींसाठी जवळचं केंद्र टिकणार कसं? एका राज्यात दरांत एवढी तफावत का, हा प्रश्न हज कमिटीला विचारायलाच हवा.