दिसतं म्हणजे टिकलं असं नव्हे

‘कुंकू’ (१९३७) या चित्रपटात कुंकवाचा लाल रंग एकदाही दिसत नाही. शांता आपटेंच्या कपाळावर असतो तो नुसता काळसर ठिपका. पाहणाऱ्याला मात्र तो लालच वाटतो. कृष्णधवल चित्रपटांची ओढ अजून का ओसरत नाही, याचं निम्मं उत्तर या ठिपक्यात आहे. पडदा सगळं हातात देत नाही, काही आपल्याला भरावं लागतं. उरलेलं निम्मं उत्तर छायाचित्रकारांपाशी. रंग नसल्याने त्यांना सगळा कारभार उजेड-अंधारावरच चालवावा लागे. ‘कागज के फूल’मध्ये (१९५९) रिकाम्या स्टुडिओत वरून उतरणारा तो प्रसिद्ध झोत व्ही. के. मूर्तींनी आरशांवरून ऊन वळवून मिळवला. दिव्यांनी तो तसा साधला नसता.

आता हेच चित्रपट ‘रंगीत’, ‘फोर-के’ अशा पाट्या लावून मोबाइलवर फिरतात. ‘मुघल-ए-आझम’चा काही भाग मुळातच रंगीत होता, तेव्हा २००४ साली तो संपूर्ण रंगवला गेला याला निदान काही सबब होती. पण संगणक फिल्मवरचे दाणे सरसकट पुसायला लागला की त्याबरोबर त्वचेचा पोतही जातो आणि चेहरे मेणाचे होतात. मुद्दाम राखलेला काळोख दोष समजून उजळला जातो. पहिल्यांदाच पाहणाऱ्या मुलाला हाच मूळ चित्रपट वाटणार, आणि त्याला दोष कसा द्यायचा?

तरी माझी खरी काळजी वेगळी आहे. सगळं एका बोटावर मिळतंय, म्हणजे सगळं सुखरूप आहे, अशी आपली समजूत झाली आहे. मोबाइलवर असते ती बहुतेकदा जुन्या व्हिडिओ कॅसेटची नक्कल, कडा कापलेली, मध्येच एखाद्या वाहिनीचं चिन्ह मिरवणारी. मूळ चित्र असतं फिल्मवरच्या चांदीच्या कणांत. त्या चांदीपायी आपल्याकडे कित्येक रिळं भंगारात गेली. ‘आलम आरा’ची (१९३१) एकही प्रत आज उपलब्ध नाही. जुनी नायट्रेट फिल्म तर चटकन पेट घेते. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात, प्रभात फिल्म कंपनीच्या जुन्या आवारातच, अशा फिल्मचा मोठा साठा जळाला. प्रभातच्या मूळ प्रतीही त्यात गेल्या. नंतरची अॅसिटेट फिल्म तशी चटकन पेटत नाही, ती कुजते. डबा उघडला की व्हिनेगरचा उग्र दर्प येतो, पट्टी आकसून वाकडी झालेली असते आणि कडेची भोकं यंत्राच्या दात्यांत बसत नाहीत. असा डबा शेजारच्या डब्यांनाही बिघडवतो, म्हणून तो वेगळा काढावा लागतो. थंड, कोरडी खोली आणि दर काही महिन्यांनी तपासणी, एवढंच हे काम. त्यात झगमगाट नाही, म्हणून पैसाही नाही. पी. के. नायर यांनी १९६५ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयासाठी गावोगाव फिरून रिळं गोळा केली नसती, तर आज ज्यांवर गप्पा मारतो त्यांतले किती चित्रपट उरले असते?

सत्यजित राय यांच्या अपू-चित्रत्रयीच्या निगेटिव्ह १९९३ मध्ये लंडनच्या आगीत होरपळल्या. तरी २०१५ मध्ये ते चित्रपट नव्या झळाळीने पडद्यावर आले, कारण जळक्या पट्ट्या कोणी फेकल्या नव्हत्या आणि न सुधारणाऱ्या भागांसाठी इतरत्र चांगल्या प्रती सापडल्या. ज्या मराठी चित्रपटाची एकच प्रत उरली आहे आणि तिलाही व्हिनेगरचा वास यायला लागला आहे, त्याच्यासाठी अशी दुसरी प्रत कुठून आणणार?