शिकविणाऱ्यांसहि शिकवा

धाराशिव जिल्ह्यांत सन २०११ च्या शिरगणतीप्रमाणें सात वर्षांवरील दर शंभर स्त्रियांपैकीं सुमारें तीस निरक्षर होत्या. सरकारची ‘उल्लास’ योजना सन २०२२ पासून प्रौढांस स्वयंसेवकांकरवीं साक्षर करूं पाहते. हेतु स्तुत्य होय. परंतु ज्यास वाचतां येतें त्यास वाचावयास शिकवितांहि येतें, हा समज आम्हांस मान्य नाहीं. फलटणच्या प्रगत शिक्षण संस्थेंत मॅक्सीन बर्नसन यांनीं मुलांसाठीं वर्णमालेचा क्रम सोडून थोड्या अक्षरांतून लागलीच सार्थ शब्द वाचविण्याची रीत अनुभवानें पारखली. प्रौढांस तर ती अधिकच हवी. भूम-परांड्याकडील ऊसतोड बाईस मुकादमाच्या वहींतील ‘उचल’ वाचावयाची असते. मग उ, च, ल हीं तीनच अक्षरें तीस पहिल्या रात्रीं कां देऊं नयेत? ‘क, ख, ग’ घोकविल्यास ती दुसऱ्या रात्रीं येणार नाहीं! सन २०२४ ची परीक्षा १७ मार्चास झाली. तेव्हां पुष्कळ टोळ्या फडांवरच होत्या. म्हणून जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेनें पावसाळ्यांतच स्वयंसेवकांकडून प्रत्यक्ष पाठ घेववून त्यांस तयार करावें, आणि त्यांच्या जाण्यायेण्याचा खर्च व्यापारी मंडळींनीं सोसावा. पेढीवरील नव्या मुनिमासहि आपण कांहीं दिवस उमेदवारींत ठेवतोंच कीं.