ज्याला ‘नाही’ म्हणता येत नाही, त्याचा जबाब

दरडावून विचारलं की प्रत्येक प्रश्नाला ‘हो साहेब’ म्हणणाऱ्या बौद्धिक दिव्यांग माणसाचा जबाब खरा कसा मानायचा? आम्ही जरीपटका-इंदोऱ्यातले कार्यकर्ते हा प्रश्न विचारत आहोत.

कायदा आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७९ नुसार दिव्यांग साक्षीदाराला ठाण्यात येण्याची सक्ती करता येत नाही; जबाब घरीच घ्यायचा. पण त्याच कलमात पळवाट आहे : तो ‘राजी’ असेल तर ठाण्यात येऊ शकतो. ज्याला नाही म्हणताच येत नाही, त्याचं राजी होणं कसलं?

लैंगिक अत्याचाराची तक्रार दिव्यांग पीडितेकडून घेताना दुभाषी किंवा विशेष शिक्षक आणि चित्रीकरण कलम १७३ ने बंधनकारक केलंय. मग हेच संरक्षण दिव्यांग संशयिताला का नाही?

२०२१ मध्ये पटन जमाल वली खटल्यात, एका अंध दलित मुलीबद्दल बोलताना, सर्वोच्च न्यायालयानेच मान्य केलं की जात, लिंग आणि दिव्यांगत्व यांचा मार एकत्रच बसतो. आपल्या वस्त्यांना हे नवीन नाही.

म्हणून मित्रांनो, वस्तीतल्या अशा कुणाला बोलावणं आलं तर एकट्याला पाठवू नका. ‘जबाब घरी घ्या’ असा लेखी अर्ज द्या, पोच घ्या. अटक झाली तर वकील मागा. तो संविधानाच्या कलम २२ चा हक्क आहे, कुणाची मेहरबानी नाही.

जय भीम!