धरणाला मिळालेली दूरदृष्टी चौकाला का नाही?

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे झालेल्या भूकंपाने कोयनानगर उद्ध्वस्त केले. १०३ मीटर उंचीचे धरण उभे राहिले, पण माथ्याकडील भागात आडव्या भेगा पडल्या. आराखड्यात भूकंपाचा जोर गुरुत्वीय त्वरणाच्या विसाव्या हिश्शाएवढा गृहीत धरला होता. धरणातील यंत्रांनी नोंदविला तो जवळजवळ निम्मा! बर्कली विद्यापीठातील डॉ. अनिल चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्याने धरणाचे गणिती प्रतिरूप तयार करून त्याला संगणकात तेच हादरे दिले. १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दिसले की, धरणाचा उतार जेथे एकाएकी बदलतो तेथेच ताण साचतो. भेगाही तेथेच पडल्या होत्या. आज भूकंपप्रवण क्षेत्रातील मोठ्या धरणाची अशी परीक्षा बांधण्यापूर्वीच होते. दुसरे धरण तडकण्याची वाट कोणी पाहत नाही.

याच कोयनानगरवरून गुहागर-विजयपूर महामार्ग जातो. कुंभार्ली घाट चढून आलेले मालट्रक, एसटी, दुचाक्या आणि हंगामात उसाच्या जोडट्रॉल्या पाटणमार्गे कराडला पुणे-बंगळूर महामार्गाला मिळतात. वाटेवरचा कोणता तिठा धोक्याचा, हे कसे ठरते? केंद्र सरकारच्या निकषानुसार सुमारे ५०० मीटरच्या टप्प्यात तीन वर्षांत मृत्यू वा गंभीर इजेचे पाच अपघात घडावे लागतात, किंवा दहा माणसे मरावी लागतात. मगच ते स्थळ ‘ब्लॅक स्पॉट’! २०२२ साली एकट्या महाराष्ट्रात रस्त्यांवर १५,२२४ जीव गेले. एवढी किंमत मोजून तयार होणारी यादी हे नियोजन म्हणायचे की मर्तिकाची नोंदवही?

दुसरा मार्ग उपलब्ध आहे. चौकाचे चित्रीकरण करून वाहनांची संख्या, वेग, वळणाच्या दिशा संगणकात भरायच्या आणि तेथे आभासी वाहतूक चालवायची. दोन वाहने आहे त्याच वेगाने व दिशेने गेली तर किती सेकंदांत आदळतील, हे यंत्र प्रत्येक क्षणी मोजते. ही मुदत साधारण दीड सेकंदाच्या खाली आली की ती ‘थोडक्यात वाचलो’ अशी घटना. प्रत्यक्ष अपघात विरळा, पण अशा घटना रोजच्या. म्हणूनच रक्त न सांडता धोका कळतो. मग गतिरोधक, दुभाजकातील फट किंवा वर्तुळाकार बेट यांपैकी कशाने त्या कमी होतात, तेही कागदावरच पाहता येते.

यावर एक आक्षेप रास्त आहे. ही प्रतिरूपे बहुतांशी शिस्तीत रांगेने चालणाऱ्या पाश्चात्त्य वाहतुकीवर बेतलेली. उलट्या दिशेने येणारी दुचाकी त्यांना ठाऊक नसते, आणि परदेशी आकडे तसेच वापरले तर उत्तर सुबक पण खोटे येते. कोयनेच्या प्रतिरूपाला वजन आले ते धरणातच नोंदलेल्या हादऱ्यांमुळे. चौकासाठीही स्थानिक मोजमापच हवे. नागपुरात २०२१ साली सुरू झालेल्या ‘आयरास्ते’ प्रकल्पात महापालिकेच्या बसगाड्यांवर इशारा देणारी उपकरणे बसवून त्या नोंदींतून उद्याची अपघातस्थळे आजच हेरण्याचा प्रयत्न झाला. महाराष्ट्राच्या भूमीवर हे घडू शकते, याचा तो पुरावा.

धरण एक असते, तिठे हजारो, हे खरे. म्हणून आरंभ नव्या कामांपासून व्हावा. महामार्ग रुंद करताना प्रत्येक मोठ्या चौकाचा आराखडा स्थानिक नोंदींवर चालविलेल्या प्रतिरूपातून गेल्याखेरीज मंजूर होऊ नये, आणि त्याचा निष्कर्ष ग्रामपंचायतीच्या फलकावर मराठीत लावावा.